कुलूपबंद डब्ल्यूएमव्ही: गिटारच्या धड्यांचं घोडं कुठवर आलं

बरेच दिवस नोंद टाकली नव्हती, म्हणून आता सगळं एकदमच लिहिते. नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. कोल्हापूरच्या एका मित्राने २००६ ते २००९ या काळात परदेशी विक्रेत्यांकडून गिटारचे धडे डाउनलोड करून विकत घेतले होते. रीतसर पैसे भरून, आणि पठ्ठ्याने पावत्यांच्या मेल आजवर जपून ठेवल्यात. सगळ्या फायली डब्ल्यूएमव्ही (मायक्रोसॉफ्टचा व्हिडिओ फाइलीचा प्रकार) आणि सगळ्यांवर मायक्रोसॉफ्टचं जुनं विंडोज मीडिया डीआरएम, म्हणजे परवानगीशिवाय फाइल चालू न देणारं डिजिटल कुलूप. ती परवानगी म्हणजे लायसन्स. २०१० साली त्याने विंडोज ७ चा लॅपटॉप घेतला, तेव्हा बऱ्याच फायलींची लायसन्स त्यावर नव्याने उतरवून घेतली. सगळ्यांची नाही. तो लॅपटॉप आणि एक बाहेरची हार्ड डिस्क सध्या माझ्या टेबलावर आहे. डिस्कवरची फाइल नव्या कॉम्प्युटरवर टाकली की एकही चालत नाही, ही त्याची तक्रार.

चालणारच नाही. या पद्धतीत फाइल म्हणजे नुसती जमीन, सातबारा दुसरीकडेच. व्हिडिओ एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे गुप्त लिपीत बंद असतो आणि तो उघडायची किल्ली लायसन्समध्ये असते. लायसन्स विक्रेत्याच्या सर्व्हरवरून येतं आणि ज्या मशीनवर आलं त्याच मशीनच्या ओळखीशी बांधलेलं असतं. प्लेयर, म्हणजे विंडोज मीडिया प्लेयर, पहिल्यांदा मशीनसाठी एक खास घटक बनवून घेतो, त्याला इंडिव्हिज्युअलायझेशन म्हणतात, आणि त्याचा संबंध थेट हार्डवेअरशी जोडलेला असतो. त्यामुळे फाइल हवी तितक्या पेन ड्राइव्हवर कॉपी करा, तिला कुणी अडवत नाही. अडतं ते लायसन्सवर. म्हणूनच माझा आग्रह असतो की अशा कामात सुरुवातीला ‘फाइल का चालत नाही’ यापेक्षा ‘हिचं लायसन्स कुठे आहे, आणि ते द्यायला अजून कुणी जिवंत आहे का’ हे शोधावं. कोडेक पॅक (वेगवेगळ्या प्रकारचे व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) टाकून बघायचा सल्ला देणाऱ्यांना माझा नमस्कार. कोडेकचा इथे काडीचाही संबंध नाही.

फाइलच्या पोटात

सगळ्यात उपयोगी पडलं ते हेक्स एडिटर, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट्स दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडून बसणं. डब्ल्यूएमव्ही म्हणजे एएसएफ नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या रचनेचा डबा, त्याची सुरुवात कायम ३० २६ बी२ ७५ या बाइट्सनी होते. तिथून थोडं खाली सरकलं की उजवीकडच्या रकान्यात एका अक्षराआड एक टिंब अशी अक्षरं दिसायला लागतात, कारण मजकूर यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे दर अक्षराला दोन बाइट्स अशा पद्धतीने लिहिलेला आहे. डब्ल्यू, टिंब, आर, टिंब, एम, टिंब, असं करत ‘डब्ल्यूआरएम हेडर’ हा टॅग वाचता येतो. त्याच्या आत दोन गोष्टी कामाच्या. एक ‘केआयडी’, म्हणजे कोणती किल्ली लागणार त्याचा क्रमांक. दुसरी ‘एलएइन्फो’, म्हणजे लायसन्स मागायला प्लेयरने जायचं तो पत्ता. हा भाग एन्क्रिप्ट केलेला नसतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो, काही फोडावं लागत नाही.

एवढंही करायचं नसेल तर एफएफप्रोब या व्हिडिओ फायली तपासणाऱ्या साधनाला फाइल द्या. स्ट्रीमवर डीआरएम आहे, डीकोडिंग बहुधा जमणार नाही, असा इशारा ते आधीच देतं. फक्त पत्ता हवा असेल तर हेक्स एडिटरच बरा.

पत्त्यांनुसार फायली वेगळ्या केल्यावर तीन ढीग झाले. एकाचा विक्रेता अजून धंद्यात आहे, पण त्याने डीआरएम केव्हाच सोडलंय. दुसऱ्याचा लायसन्सचा सर्व्हर चक्क अजून उत्तर देतो. तिसऱ्याचं डोमेन विकायला काढलेलं आहे, पान उघडलं तर जाहिराती. नावं देत नाही. पत्ता हेडरमध्येच असतो, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या फाइलीत बघावा.

आधी घड्याळ

लॅपटॉप सुरू केला तर तारीख २००९ च्या जानेवारीतली. बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणारी, घड्याळ सांभाळणारी प्रणाली) बॅटरी संपलेली. अशा वेळी घाईघाईने प्लेयर उघडून फाइल लावू नका, ही विनंती. या डीआरएममध्ये लायसन्स देणाऱ्याला अशी अट घालता येते की घड्याळ मागे गेलेलं दिसलं तर लायसन्स बंद पडावं, किंवा सरळ पुसलंच जावं. मुदतीची लायसन्स लोक तारीख मागे करून वापरायचे, त्यावरचा तो उपाय. आपल्या बाबतीत चोर सोडून संन्याशाला फाशी.

बायोसमध्ये शिरून तारीख-वेळ नीट केली, मगच विंडोज चालू होऊ दिली. बॅटरी उघडून बघितली तर साधीच सीआर२०३२, पण तिला काळी-लाल अशा दोन तारा डकवलेल्या, टोकाला इवलासा कनेक्टर आणि वरून काळं प्लॅस्टिक आवळलेलं. नुसती गोल बॅटरी आणून भागत नाही, तारांसकट मिळते तीच घ्यावी लागते. घरी सोल्डरिंग गन घेऊन लिथियमच्या बॅटरीला डाग द्यायच्या भानगडीत पडू नका.

ती आणायला गेले तेव्हा दुकानातला मुलगा उत्साहात म्हणाला, “काकू, एवढा जुना सेट कशाला ठेवलाय? फॉरमॅट मारून देतो, एसएसडी टाकतो, विंडोज १० टाकतो. पळेल बघा.”

“बाळा, तू फक्त बॅटरी दे,” म्हटलं.

त्याने सुचवलेल्या तिन्ही गोष्टी तिन्ही बाजूंनी घातक आहेत. फॉरमॅट मारला की लायसन्सचा साठाच जातो. हार्डवेअर बदललं की मशीनची ओळख बदलायचा धोका. आणि विंडोज १० मधून हे जुनं डीआरएम २०१६ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटपासून काढूनच टाकलंय, म्हणजे लायसन्स असतं तरी चाललं नसतं. हार्डवेअर बदलायचं कारण व्हर्च्युअल मशीनलाही, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरलाही लागू. डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) बनवून ती आत चालू करता येते, पण प्लेयरला तिथलं हार्डवेअर परकं वाटतं. मी इमेज काढून ठेवली आहे ती निव्वळ बॅकअप म्हणून. मूळ डिस्क जागची हलवलेली नाही.

‘डीआरएम’ फोल्डरला हात लावू नका

नेटवर सगळ्यात जास्त फिरणारा सल्ला हाच: प्रोग्रामडेटाच्या आत मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात लपवलेलं डीआरएम नावाचं फोल्डर आहे, त्याचं नाव बदला, प्लेयर नवं बनवेल आणि एरर जाईल. सल्ला खोटा नाही. एरर जाते. पण त्याच फोल्डरमध्ये आजवर मिळालेली सगळी लायसन्स असतात, आणि नव्या कोऱ्या फोल्डरमध्ये त्यातलं एकही नसतं. विक्रेता हयात असेल तर पुन्हा मागता येतात. तिसऱ्या ढिगासारखी गत असेल तर आहे तेही घालवून बसाल. ज्या काळात हा सल्ला लिहिला गेला तेव्हा सगळे सर्व्हर चालू होते, आज तो आंधळेपणाने पाळण्यात अर्थ नाही. दुसऱ्या मशीनवरून हे फोल्डर उचलून आणण्यातही काही हशील नाही, कारण आतली लायसन्स त्या मशीनच्या ओळखीलाच बांधलेली.

दुसरी एक खबरदारी. फाइल चालते का हे बघायला ती लावून बघू नका. आधी प्लेयरच्या लायब्ररीत फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि ‘मीडिया युसेज राइट्स’ हा टॅब. काही लायसन्स ठरावीक वेळाच चालवायला परवानगी देतात, तेव्हा तपासणीतच एक वेळ खर्ची पडू शकते. सुदैवाने मित्राच्या बहुतेक धड्यांवर अशी मर्यादा नाही. काहींवर होती, ते मी तसेच ठेवलेत.

तीन ढिगांचं काय झालं

पहिला ढीग सुटला, आणि अगदीच सोप्या मार्गाने. विक्रेत्याला मित्राच्या जुन्या मेल आयडीवरून, ऑर्डर क्रमांक आणि पावतीसकट साधी मेल पाठवायला लावली. त्यांनी तेच धडे साध्या एमपी४ मध्ये त्याच्या खात्यात टाकून दिले. मेलमध्ये ‘फाइल चालत नाही’ एवढंच लिहिलं असतं तर कोडेकचा सल्ला परत आला असता. ‘हे विकत घेतलंय, हा क्रमांक, याचं डीआरएम आता कुठल्याच चालू विंडोजवर चालत नाही, बिनकुलपाची प्रत मिळेल का’ असं थेट विचारल्यावर काम झालं.

दुसऱ्या ढिगाने मात्र घाम काढला. प्लेयर लायसन्स मागायला खिडकी उघडायचा आणि ती पांढरीफटक. ही खिडकी म्हणजे आतून इंटरनेट एक्स्प्लोररच असतो. लॅपटॉपवर आवृत्ती ८. विंडोज ७ वरच्या ८ ते १० या आवृत्त्यांमध्ये टीएलएस १.२ (सर्व्हरशी सुरक्षित बोलायची पद्धत) आहे, पण मुळात बंद असतं, आणि आजचे बरेच सर्व्हर त्याच्याखाली बोलायलाच तयार नसतात. इंटरनेट ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड टॅबच्या तळाशी टीएलएस १.२ ची खूण केली. पान आलं, लॉगिन मागितलं, आणि पुढे म्हणे या खात्याच्या मशीनची मर्यादा संपली. जुने दोन कॉम्प्युटर कधीच भंगारात गेलेत, पण त्यांच्या यादीत ते अजून ठाण मांडून. मित्राने त्यांच्या सपोर्टला लिहिल्यावर यादी रिकामी झाली आणि लायसन्स उतरली. फायली चालतात, पण याच लॅपटॉपवर.

तिसऱ्या ढिगात जेवढ्यांची लायसन्स २०१० मध्ये घेतली होती तेवढ्या चालतात, बाकीच्या मेल्या. त्यांच्यासाठी मागायला दारच उरलेलं नाही. असं होणारे आपण पहिले नाही. गूगल व्हिडिओने ऑगस्ट २००७ मध्ये विकत दिलेले व्हिडिओ बंद केले तेव्हा आधी गूगल चेकआउट या आपल्याच पैसे भरायच्या सेवेचं क्रेडिट देऊ केलं, ओरड झाल्यावर पूर्ण पैसे परत केले. एमएसएन म्युझिक या मायक्रोसॉफ्टच्या गाणी विकणाऱ्या सेवेने २००८ मध्ये ग्राहकांना कळवलं की ३१ ऑगस्टनंतर नव्या मशीनला परवानगी मिळणार नाही. तिथेही बोंब झाली, मग मुदत २०११ पर्यंत वाढवली. मोठ्या कंपन्यांना निदान लाज आणता येते. चार माणसांचा छोटा विक्रेता एके दिवशी होस्टिंगचे पैसे भरत नाही आणि विषय संपतो.

‘मग क्रॅक का नाही करत’ असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतूचा शब्द कलमात आहे, आणि कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामांना त्यात वाटही ठेवली आहे. विकत घेतलेला धडा स्वतः बघणाऱ्यावर ते कितपत लागू होतं यावर वकील वाद घालोत. मी त्या वाटेला जात नाही, आणि इथे त्याच्या कृती लिहू नयेत असं मला वाटतं. मेल लिहून जेवढं सुटतं ते आधी सुटू दे.

फोनवाल्यांसाठी थोडंसं

ज्यांचे प्रश्न फोनवरच्या अ‍ॅपमधल्या डाउनलोडचे आहेत त्यांचा मामला वेगळा. अँड्रॉइडवर वाइडवाइन हे गूगलचं डीआरएम असतं. त्याच्या पातळ्यांपैकी एल१ म्हणजे प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यात काम, एल३ म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर. बूटलोडर (फोनची सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक केल्यावर काही फोन एल१ वरून एल३ वर घसरतात आणि चित्र अचानक धूसर दिसायला लागतं. त्याला नेटचा वेग जबाबदार नसतो. आवाज येतो पण टीव्हीवर चित्र काळं, असं असेल तर मधला स्प्लिटर किंवा स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर काढून थेट केबल लावून बघा. एचडीसीपीची, म्हणजे केबलमधून जाणाऱ्या चित्राच्या कुलपाची साखळी तिथेच तुटते, आणि ४के साठी बहुतेक ठिकाणी २.२ आवृत्ती लागते. नेटफ्लिक्सच्या विंडोज अ‍ॅपमधून तर २०२४ मध्ये डाउनलोडची सोयच गेली. त्यावर काही उपाय शोधत बसू नका.

पुढचं

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये विंडोज ७ आणि ८ वरच्या या जुन्या डीआरएम सेवा मोडीत काढायच्या यादीत टाकल्या. म्हणून या लॅपटॉपचं इंटरनेट आता बंदच ठेवलंय, अपडेट काही येऊ देत नाही. पंखा उघडून साफ केला, जादा चार्जर मिळवला. मित्र महिन्यातून एकदा येतो आणि तिसऱ्या ढिगातला एकेक धडा बघत टॅब (गिटारवर कुठे बोट ठेवायचं त्याची आकड्यांतली नोंद) वहीत उतरवून घेतो. परवा एकाच सुरावटीवर अडून बसला, मागे घे, मागे घे करत. “ताई, हा मास्तर बोटं दाखवतो आणि कॅमेरा तोंडावर,” म्हणाला. त्यावर कुठलंच लायसन्स चालणार नाही.

एक विचारणा. कुणाकडे विंडोज एक्सपीच्या काळातल्या बॅकअप सीडी असतील तर त्यात ‘डीआरएमव्ही२एलआयसी’ नावाची बीएके फाइल आहे का बघाल? मीडिया प्लेयर ९ आणि १० मध्ये लायसन्सचा बॅकअप घेता यायचा, त्याची ती फाइल. परत बसवताना मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची परवानगी लागायची, त्यामुळे फार आशा नाही. पण मित्राच्या घरी माळ्यावर सीड्यांचा एक डबा आहे असं त्याची आई म्हणते, आणि गणपतीला गेले की तो उतरवायचा आहे.