मोटरहोम, मोत्या आणि समुद्राजवळची साइट: माझा अनुभव

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, दोघंही रिटायर झालोय, ह्यांची सत्तरी जवळ आलीय आणि माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गेल्या वर्षी सेकंडहँड मोटरहोम (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेतली ती मुख्यतः मोत्यामुळे. मोत्या म्हणजे आमचा नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर, त्याला केनेलमध्ये (पैसे देऊन कुत्रा सांभाळायला ठेवतात तिथे) ठेवून आपण मजा करायची हे आम्हाला कधी जमलंच नाही. माझं माहेर गुहागर, त्यामुळे पहिली ट्रिप समुद्राकडेच जाणार हे न बोलता ठरलं होतं. नॉरफॉकचा किनारा आम्हाला तीन तासांच्या आसपास पडतो म्हणून तिकडे बघायला सुरुवात केली आणि मग कळलं की गाडी घेणं त्यामानाने सोपं होतं, साइट (गाडी लावून मुक्काम करायची जागा) निवडणं हेच खरं काम आहे. आमच्या वयाचे, पहिल्यांदाच मोटरहोम घेतलेले आणि घरात कुत्रा असलेले जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

बुकिंग करताना ‘डॉग फ्रेंडली’वर टिक केलं तर जवळपास सगळ्याच साइट दिसतात, म्हणजे त्या टिकचा उपयोग काहीच नाही. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. कुठे कुत्र्याचे रोजचे वेगळे पैसे, कुठे दोनच कुत्रे, कुठे कुंपण घातलेलं मोठं मैदान असतं जिथे पट्टा सोडता येतो, आणि बऱ्याच ठिकाणी कुत्र्याला गाडीत एकटं ठेवून अंघोळीलासुद्धा जायचं नाही असा नियम, म्हणजे दोघांनी आळीपाळीने जायचं. हा नियम मला तरी पटतो, कारण बाहेर २२ डिग्री असलं तरी बंद गाडीत तासाभरात ४७ डिग्रीपर्यंत तापमान जाऊ शकतं.

आणि साइटवर कुत्रा चालतो म्हणजे समोरच्या बीचवर चालतो असं अजिबात नाही! इथे बऱ्याच बीचवर १ मे ते ३० सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते, कौन्सिलचा (तिथल्या नगरपालिकेचा) तसा ऑर्डर असतो आणि मोडला तर १०० पाउंडांपर्यंत दंड. पण बंदी बहुतेक वेळा पूर्ण बीचवर नसते, गर्दीच्या पट्ट्यावर असते. नॉर्थ नॉरफॉकमध्ये क्रोमर, शेरिंगमला असंच आहे, ठरावीक भाग सोडून पुढे गेलं की चालतं. होल्कमला तर पक्षी वाळूवरच अंडी घालतात, त्यामुळे विणीच्या महिन्यांत काही भागात कुत्रा पट्ट्यावरच ठेवावा लागतो. म्हणून आम्ही आधी कौन्सिलच्या वेबसाइटवरचा नकाशा उघडला, मोत्याला कुठे चालतं ते बघितलं आणि मग त्याच्या जवळ कुठली साइट आहे ते शोधलं. हा उलटा क्रम सगळ्यात कामाला आला.

दुसरी गोष्ट कॅराव्हॅनवाल्यांच्या (कारला मागे जोडून ओढायचं घर ज्यांच्याकडे असतं त्यांच्या) लक्षात येत नाही, कारण ते कॅराव्हॅन साइटवर सोडून कार घेऊन फिरतात. आपली गाडी म्हणजेच आपलं घर. दूध आणायला जायचं तरी हुक-अपची (साइटवरच्या विजेची) वायर काढा, कपबशा आवरा, गॅस बंद करा, गाडी सपाट राहावी म्हणून चाकांखाली लावलेले रॅम्प काढा, आणि परत आल्यावर हे सगळं पुन्हा. शिवाय किनाऱ्याचा तो ए१४९ रस्ता स्टिफकीसारख्या गावात इतका अरुंद होतो की दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावंच लागतं. म्हणून आम्ही ठरवलं की एकदा गाडी लावली की निघायच्या दिवसापर्यंत हलवायची नाही, बीच पायी आणि बाकी सगळं बसने किंवा ट्रेनने.

ह्यांना हन्स्टंटन हवं होतं, कारण ते पूर्व किनाऱ्यावर असूनही पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य समुद्रात मावळताना दिसतो, आपल्या कोकणासारखा. मलाही मोह झाला, पण तिथे रेल्वे नाही. शेवटी क्रोमर आणि शेरिंगमच्या मधल्या वेस्ट रंटनवर एकमत झालं. गावात छोटं स्टेशन आहे, नॉरिच ते शेरिंगम लाइनवरचं, आणि इथे ट्रेनमध्ये एका प्रवाशाला दोन कुत्रे फुकट नेता येतात. बसचा सीनियर पास आमच्याकडे आहेच, सोमवार ते शुक्रवार साडेनऊनंतर चालतो, पण बसमध्ये कुत्रा घ्यायचा की नाही हे ड्रायव्हर ठरवतो, त्यामुळे मोत्या बरोबर असला की ट्रेनच बरी. आणि माझ्यासाठी मुख्य म्हणजे वेस्ट रंटनला बीचवर उतरायला उतार आहे. नॉरफॉकच्या ह्या बाजूला उंच कडे आहेत आणि ते सतत ढासळत असतात, काही ठिकाणी खाली जायला नुसत्या पायऱ्याच असतात, त्यामुळे नकाशावर साइटपासून बीच ‘२०० मीटर’ दिसला तरी गुडघ्याला ते २०० मीटर परवडतीलच असं नाही.

मग फोन. ईमेल नाही, फोनच करा, कारण वॉर्डनशी (साइट सांभाळणाऱ्याशी) पाच मिनिटं बोललं की साइट कशी आहे ते आवाजावरून कळतं. मी विचारलं की पिच (साइटवरची आपल्या गाडीपुरती जागा) हार्डस्टँडिंग म्हणजे पक्की आहे का गवतावर (आपली गाडी साडेतीन टनांपर्यंतची, पाऊस पडला की गवतात चाकं रुततात), सपाट आहे का, रिव्हर्स घ्यावी लागते का सरळ आत जाता येतं, रात्री टॉयलेट ब्लॉकपर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का, पाण्याचा नळ किती लांब, आणि गाडीतल्या केमिकल टॉयलेटची कॅसेट (मैल्याची टाकी) रिकामी करायची जागा चढावर तर नाही ना. हे शेवटचं नक्की विचारा, भरलेली कॅसेट जड असते. विजेचंही विचारा, १६ अँपिअर असेल तर निर्धास्त, १० असेल तर सगळं मिळून २३०० वॅटच मिळतात, म्हणजे चहाची किटली आणि हीटर एकदम लावला की वीज ट्रिप होऊन गेलीच.

फोनवरच्या बाईंनी सगळी उत्तरं दिली आणि वर स्वतःहून विचारलं की कुत्रा भुंकतो का, मग तुम्हाला कुंपणाकडेची पिच देते, शेजारी एकाच बाजूला राहील. तिथेच मी बुकिंग केलं. पाच गाड्यांच्या छोट्या साइट स्वस्त आणि शांत असतात, पण तिथे बऱ्याचदा टॉयलेट ब्लॉक नसतो, जवळ मदतीला कोणी असेलच असंही नाही, म्हणून पहिल्या वेळी वॉर्डन असलेली मोठी साइटच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही पोचल्यावर ह्यांना गाडी लेव्हल करता येईना तेव्हा वॉर्डन स्वतः येऊन उभे राहिले, अजून थोडं, अजून थोडं, बास, असं करत लावून दिली.

बीचबद्दल एकच, भरती-ओहोटी बघितल्याशिवाय उतरू नका. ओहोटीला वाळू आणि खडूच्या दगडाचे सपाट खडक उघडे पडतात, मोत्या तिथल्या डबक्यांमध्ये तासन्‌तास नाक घालून असायचा. पण भरतीला, त्यातून उधाण असलं तर, पाणी कड्याच्या पायथ्याला लागतं आणि परतीची वाट बंद होऊ शकते. कड्याला टेकून तर बसूच नका, वरून दगड-माती पडते. १९९० मध्ये वादळानंतर ह्याच कड्यातून मॅमथचं हाड बाहेर आलं होतं, नंतर जवळजवळ अख्खा सांगाडा खणून काढला, म्हणजे कडा किती भुसभुशीत आहे बघा. फ्लिंटच्या (चकमकीच्या दगडाच्या) गोट्यांनी कुत्र्याचे पंजे सोलवटतात, रोज संध्याकाळी बघायचे, आणि साइटवर कुत्रा धुवायचा नळ असेल तर मीठ-वाळू बाहेरच धुवून काढायची.

पुढचं बुकिंग ऑक्टोबरमधलं करायचं चाललंय, बीचवरची बंदी तोवर उठलेली असते आणि गर्दीही नसते, फक्त बऱ्याच साइट तेव्हा बंद व्हायला लागतात. दोन साइट काढून ठेवल्यात, एकीकडे टॉयलेट ब्लॉकला हीटिंग आहे का तेवढं विचारायचं राहिलंय, उद्या सकाळी फोन करते.