शेवटच्या बसचा ट्रेक

गाडी घेऊन डोंगरात गेलं की दोन दिवसांची तंगडतोड संपते ती पुन्हा गाडीपाशीच. दाव्याला बांधलेल्या गुराला दावं पुरेल तेवढंच रान, तसं आपलं होतं. बसने गेलेल्याला ही भानगड नाही. या बाजूने चढावं, माथ्यावर मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यात उतरावं आणि तिथून मिळेल त्या बसने परतावं. मागे काही ठेवलेलंच नसतं. शनिवार-रविवारच्या ट्रेकमध्ये मला हा आरपार जाणारा रस्ता सगळ्यात जास्त आवडतो. गाडीवाल्यांना तो जमतो, नाही असं नाही. पण त्यासाठी दोन गाड्या लागतात, नाहीतर एखादा फारच भला मित्र.

बदल्यात वेळापत्रकाचं मात्र ऐकावं लागतं. आडगावच्या बसचं वेळापत्रक नकाशाइतकंच बारकाईने वाचावं, त्यातही तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं आधी. ‘फक्त शाळेच्या दिवशी’, ‘रविवारी बंद’ अशी सगळी गंमत तिथेच असते. म्हणून मी ट्रेक उलटा आखते: आधी रविवारची शेवटची बस, मग तिच्या आधीची बस (भरवसा ठेवायचा तो हिच्यावर), मग तिथवर पोचायला किती तास लागतील ते, आणि त्यावरून मुक्कामाची जागा.

तासांचा हिशोब करायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेलं सूत्र अजून कामाला येतं. त्याचं मूळ गणित मैल आणि फुटांतलं. आपल्या मापात साधारण असं, की सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. म्हणजे १५ किलोमीटरची वाट आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेचार तास. यात बसणं, खाणं, फोटो, वाट चुकणं आणि पाठीवरची अवजड सॅक यांतलं काहीही धरलेलं नाही. मी सरळ दीडपट करते. बसथांब्यावर तासभर आधी पोचून कंटाळणं परवडतं. मागचे दिवे बघत उभं राहणं नाही परवडत.

काही ठिकाणी रेल्वेच चालणाऱ्यांच्या सोयीला धावून आलेली आहे. न्यूयॉर्कच्या उत्तरेला ॲपलाचियन ट्रेल ही लांबलचक पायवाट रूळ ओलांडते, तिथे त्याच नावाचं चिमुकलं स्टेशन आहे आणि गाड्या थांबतात त्या मुख्यतः शनिवार-रविवारी. स्कॉटलंडमधल्या कोरूर स्टेशनची तऱ्हा तर याहून न्यारी. रॅनोक मूरच्या दलदली माळावर, ४०८ मीटर उंचीवर ते आहे आणि तिथवर सार्वजनिक मोटाररस्ताच नाही. गाडीवाला कितीही श्रीमंत असो, तिथे यायचं तर त्यानेही तिकीट काढावं.

सॅक भरताना बस डोक्यात ठेवलेली बरी. पाठीवर असते तोवर सॅक आपली असते. बसमध्ये शिरली की ती वेगळी प्रवासी होते, आणि तीही कोपर मारणारी. कॅरीमॅट, म्हणजे झोपायची गुंडाळलेली चटई, बाहेर आडवी बांधली तर दारातच अडकते. काठ्या दुमडून आत. लटकणारे मग, बाटल्या, चपला सगळं आत. अनेक रेल्वेगाड्यांत स्टोव्हचं गॅस कॅनिस्टर न्यायला मनाई असते, हे निघण्याआधीच पाहून घ्यावं. मनाई असेल तर न शिजवता खाता येईल असं काहीतरी घ्यावं. बर्नर, भांडी, गॅस सगळंच घरी राहतं आणि सॅक इतकी हलकी होते की पुढच्या वेळी परवानगी असली तरी विचार पडतो.

जाताना बसमध्ये सगळे कौतुकाने विचारतात, कुठे निघालात, रात्री भीती नाही का वाटत. येताना कोणी विचारत नाही. शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते आणि समोरचे काका खिडकी आणखी थोडी उघडतात. अशा वेळी बूट काढायची इच्छा अगदी अनावर होते. काढू नयेत. त्या बिचाऱ्यांनी आपलं काय वाकडं केलंय?