तापेना म्हणजे तापेना! मल्टीकुकर दुरुस्तीचा माझा अनुभव

डिस्प्ले लागत होता, बटणं वाजत होती, आतून रिलेचा (प्लेटची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) 'टक्' आवाजही यायचा. भांड्यातलं पाणी मात्र अर्ध्या तासानंतरही गार.

ग्राहक सेवेला फोन केला. "झाकण नीट बसलंय का, मॅडम?" तीन दिवस, तीन वेगवेगळी माणसं, प्रश्न हाच. चौथ्याने कुकर न बघताच निकाल दिला, "बोर्ड गेलाय, नवीनच घ्या." तिथे माझं डोकं फिरलं. वॉरंटी संपलेलीच होती, प्लग काढला आणि खालचं कव्हर उघडलं.

पहिला संशय थर्मल फ्यूजवर, म्हणजे फार तापलं की वीज तोडणाऱ्या फ्यूजवर. तो एकदा उडाला की बदलावाच लागतो, तोही त्याच तापमानाचा. मल्टिमीटर (वीजजोडणी तपासायचं यंत्र) लावला तर बीप वाजली, म्हणजे फ्यूज शाबूत. मग हीटिंग प्लेट. 230 व्होल्टवर 1000 वॅटची, म्हणजे साधारण 53 ओहम यायला हवेत. 52 आले. सगळं ठीक आणि तरी तापत नाही! दोन संध्याकाळी इथेच गेल्या. फोनवरचा तो माणूस बरोबर निघतो की काय, याचाच जास्त राग येत होता.

घोळ माझ्याच मोजण्यात होता. वायरी काढून मी थेट प्लेटच्या पिनांवर मोजत होते. तिसऱ्या दिवशी वायरी जागेवर ठेवून त्यांच्या दुसऱ्या टोकांना प्रोब टेकवले, तर आकडा नाचायला लागला: 60, 300, मग काहीच नाही. एका पिनेवरच्या कनेक्टरवर पांढरी नळी चढवलेली होती. ती मागे सरकवली तर आतलं टोक काळंठिक्कर, आणि बोट लागताच वायरचे दोन-तीन धागे तुटून हातात आले. जोड सैल झाला होता, म्हणून तिथेच तापून तापून जळाला होता. बोर्डाला काही म्हणजे काही झालं नव्हतं!

जळका भाग कापला, पिन घासून चकचकीत केली, उष्णता सोसणारा नवा कनेक्टर क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून, घट्ट बसवला. इथे सोल्डर नको, प्लेटच्या उष्णतेने तो सैल पडू शकतो. दहा मिनिटांत वाफ!

हो, एक राहिलंच. कव्हर उघडण्याआधी भांडं उचलून मधल्या स्प्रिंगवाल्या सेन्सरभोवती काही अडकलंय का ते बघा. बुडाशी एखादा कण असला तरी भांडं प्लेटला नीट टेकत नाही. वायरी काढण्याआधी फोटो काढा. आणि कव्हरचा एक स्क्रू तीन खाचांचा असू शकतो. त्याचं पातं शोधण्यात माझा आख्खा रविवार गेला.