बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा

नाशिकला द्वारकेला माझं गॅरेज आहे. जानेवारीतल्या एका सकाळी निवृत्त शाळामास्तर आणि त्यांच्या मिसेस त्यांची १९९८ची झेन घेऊन आले. दर पौर्णिमेला वणीला गडावर जायचं हा त्यांचा नेम. या वेळी नांदुरीच्या घाटात काटा लाल पट्टीला टेकला आणि गाडी बाजूला घ्यावी लागली.

"दुसऱ्या गॅरेजवाल्यानं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, गेलं म्हणून सांगितलंय. तू एकदा बघ," सर म्हणाले. "पाणी तर मी रोज बघतो. बाटली कायम भरलेली असते."

खोटं नव्हतं, रेडिएटरला जोडलेली जादा पाण्याची बाटली खरंच भरलेली होती. गाडी थंड होतीच, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पाणी दिसेना. सव्वादोन लिटर मावलं. सिस्टिम घट्ट असेल तर इंजिन गार होताना ती बाटलीतलं पाणी मागे ओढते. कुठे भोक असलं की पाण्याऐवजी तिथून हवाच ओढली जाते आणि बाटली आहे तशी राहते. म्हणजे सर रोज नेमाने चुकीच्या ठिकाणी बघत होते.

"काटा वर गेला आणि मग एकदम खाली आला," काकू मागून म्हणाल्या.

"तेव्हा मला वाटलं, झालं, थंड झाली," सर म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर नुसत्या वाफेत-हवेत लटकतो आणि काटा काहीही दाखवतो. इंजिन जळायला आलेलं असतं आणि मीटर म्हणतो, सगळं ठीक आहे. या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं. असं पाच-सात किलोमीटर दामटलं असतं तर ते वाकण्याचीच शक्यता होती.

खरं सांगायचं तर तोवर मलाही गॅस्केटच वाटत होतं. घाटात तापते, पाणी पिते, खाली थेंब नाही. मनात हेडचा हिशेबही जुळवला होता. पण डिपस्टिकवर दुधाळ तेल नव्हतं, सायलेन्सरला पांढरा धूर नव्हता. रेडिएटरच्या तोंडाला निळ्या पाण्याची नळी लावून इंजिन चालवलं. जळालेला गॅस रेडिएटरच्या पाण्यात येत असेल तर नळीतलं निळं पाणी पिवळं पडतं. ते निळंच राहिलं. मग प्रेशर पंप लावून झाकणावर कोरलेल्या ०.९ इतका दाब दिला. पंपाचा काटा हळूहळू उतरत होता, पण होज, वॉटर पंप, रेडिएटरच्या जाळ्या, सगळं कोरडं.

खाली झोपून बघावं म्हणून गाडीत हात घालून हँडब्रेक ओढला, तर डॅशबोर्डवर घडी घातलेला टॉवेल.

"हा कशाला?"

"सकाळी काच आतून धुरकट होते. थंडी आहे ना," सर म्हणाले.

नाशिकच्या थंडीत काच धुरकट होतेच. पण मी बोट फिरवलं तर तुपकट पट्टा उठला. दवाचा असा पट्टा उठत नाही. वास घेतला, गोडसर. जुने मिस्त्री बोट चाटून बघायचे. रेडिएटरच्या पाण्यातलं कूलंट विषारी असतं, मी नाकावर भागवतो.

डावीकडचं मॅट उचललं. खालचं कार्पेट पिळलं तर हिरवट पाणी हातात आलं. डॅशबोर्डच्या आतला हीटर कोअर फुटला होता. इंजिनातलं गरम पाणी तिथे फिरतं, गळतं ते थेट काकूंच्या पायाशी.

"मी दिवाळीपासून सांगतेय, गाडीत कफ सिरपसारखा वास येतो," काकू म्हणाल्या. "तर हे म्हणतात, तुझ्या पिशवीतला नारळ फुटलाय!"

सर टॉवेलची घडी नीट करत बसले.

जुन्या झेनचा कोअर त्या दिवशी मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून हीटरला जाणारे दोन्ही होज एका नळीने एकमेकांना जोडून कोअर पाण्याच्या वाटेतून वगळला, मापात नवं कूलंट भरलं, हवा काढली आणि पुन्हा दाब दिला. वीस मिनिटं काटा जागचा हलला नाही. हेडचं झाकणसुद्धा उघडलं नाही. बिल नळी, दोन क्लिप, कूलंट आणि मजुरीचं झालं.

"म्हणजे आता हीटर नाही?" सरांनी विचारलं.

"कोअर मिळेपर्यंत नाही, सर."

"शाल घेऊ," काकू म्हणाल्या आणि टॉवेल माझ्या हातात देऊन पुढच्या सीटवर बसल्या.