मार्गारेट रिव्हर: बागा त्याच्या, समुद्र माझा

नवरा निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. मी रत्नागिरीची. पर्थला राहायला आल्यापासून सुट्टी मिळाली की त्याला बागा बघायच्या असतात आणि मला समुद्र. दोघांचंही मन भरेल अशी जागा इथून गाडीने तीन तासांवर आहे, मार्गारेट रिव्हर. भारतातून कोणी पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो, पण तो प्रवास पहाटे निघून रात्री परतायचा. एका दिवसात गुहा, दीपगृह, चॉकलेटचं दुकान, दोन वायनरी आणि शंभर फोटो. या मार्चमध्ये मात्र दोघंच गेलो. रानाच्या कडेला एक लाकडी कॉटेज घेतलं, मुक्काम हलवायचा नाही आणि दिवसाला एक वायनरी व एक किनारा यापलीकडे काही ठरवायचं नाही, असं निघतानाच पक्कं केलं.

जाताना बसल्टनला थांबलो. तिथली लाकडी जेटी समुद्रात 1,841 मीटर आत जाते. तिचा पहिला भाग 1865 मध्ये उभा राहिला. इमारती लाकूड जहाजांवर चढवायचं तर उथळ खाडीत खोल पाण्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून ती लांबत गेली. 1978 च्या आल्बी चक्रीवादळाने तिचा बराच भाग नेला आणि लोकांनी हट्टाने ती पुन्हा उभी केली. वरून छोटी रेल्वे धावते. आम्ही चालत गेलो. टोकाला पाण्याखाली आठ मीटर उतरणारी वेधशाळा आहे. काचेतून जेटीचे खांब दिसतात आणि त्यांवर केशरी, जांभळी प्रवाळं. इतक्या दक्षिणेला प्रवाळं कशी? उत्तरेकडून किनाऱ्याला धरून येणारा लीऊविन नावाचा उबदार प्रवाह त्यांना इथवर आणतो.

पुढे विल्याब्रप भागात शिरलो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वेलींच्या ओळी सुरू झाल्या. नवऱ्याने गाडी हळू केली, काच खाली घेतली. बहुतेक बागांवर पांढऱ्या जाळ्या होत्या. पांढऱ्या वाइनच्या शार्डोने द्राक्षाचा हंगाम संपत आला होता, लाल वाइनचं कॅबरने अजून वेलीवर होतं.

इथल्या द्राक्षांची गोष्ट फार जुनी नाही, म्हणूनच मला ती आवडते. 1960 च्या दशकापर्यंत हा गायीगुरांचा आणि लाकूडतोडीचा भाग होता. युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ल्युपिन नावाच्या कडधान्याच्या पिकावर काम करणारे जॉन ग्लॅडस्टोन्स नावाचे शेतीशास्त्रज्ञ होते. त्यांनी 1965 आणि 1966 मध्ये दोन शोधनिबंध लिहिले. पाऊस, तापमान, माती यांचा हिशेब मांडून त्यांनी दाखवलं की या पट्ट्याचं हवामान फ्रान्समधल्या वाइनसाठी प्रसिद्ध बोर्दोच्या जवळ जातं, इथे उत्तम वाइनची द्राक्षं व्हायला हवीत. ते वाचून पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ टॉम कलिटी यांनी 1967 मध्ये वास फेलिक्स या बागेची लागवड केली. त्यांच्यामागून मॉस वुड आणि कलन या बागा आल्या, त्याही डॉक्टरांनीच लावल्या. दवाखाना सांभाळून सुट्टीच्या दिवशी खड्डे खणणारी ही माणसं! कोणाच्या तरी कागदावरच्या हिशेबावर विश्वास ठेवून त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

वास फेलिक्सच्या बाटल्यांवर बहिरी ससाण्याचं चित्र आहे. पाखरांना पळवायला कलिटींनी एक ससाणा आणला. पहिल्यांदा मोकळा सोडला, तर तो उडून गेला तो परत आलाच नाही. द्राक्षांवर तुटून पडतो तो सिल्व्हरआय नावाचा चिमुकला पक्षी. त्याचं वेळापत्रक इथल्या रानातल्या मारी नावाच्या झाडाच्या हातात असतं. ज्या वर्षी मारीला फुलांचा भर येतो, त्या वर्षी हे पक्षी मधावर खूश राहतात आणि बागांकडे कमी फिरकतात. मारी फुललं नाही तर जाळीशिवाय गत्यंतर नाही. म्हणून उन्हाळा सरताना इथले लोक आपल्या वेलींइतकंच रानातल्या झाडांकडेही बघत असतात.

एका लहान वायनरीत दुपारी गर्दी नव्हती. सेलर डोअरवरच्या, म्हणजे वाइन चाखायला देतात त्या खोलीतल्या, बाईंनी आम्हाला बागेत नेलं. टोकाच्या ओळींवर शार्डोनेचे काही घड राहिले होते. नवऱ्याने एक तळहातावर घेतला आणि बघतच राहिला. अर्धे मणी नेहमीच्या आकाराचे, अर्धे ज्वारीच्या दाण्याएवढे, सगळे एकाच घडात.

“असा माल आमच्या पॅकहाउसवर नेला ना, तर गाडी तशीच परत पाठवतील,” तो मला म्हणाला.

निफाडच्या बागायतदारांचं सगळं आयुष्य मणी एकसारखे करण्यात जातं. विरळणी करायची, फुगवणीसाठी जीए या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवायचे, निर्यातीला माल द्यायचा तर मण्याचा व्यास मोजायचा. इथे शार्डोनेचा जो जुना वाण लावतात, त्याला जिनजिन क्लोन म्हणतात आणि फुलोऱ्याच्या वेळी त्याची फळधारणा अशीच ओबडधोबड होते. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, त्यामुळे चव दाट उतरते. मार्गारेट रिव्हरच्या शार्डोनेची कीर्ती बऱ्याच अंशी या विस्कळीत घडांवर उभी आहे. नवऱ्याने दोन्ही प्रकारचे मणी वेगवेगळे खाऊन पाहिले आणि मग माझ्याही तोंडात घातले. लहान मणी जास्त गोड होता, सालही चरचरीत.

तिथूनच त्याने अण्णांना, माझ्या सासऱ्यांना, व्हिडिओ कॉल लावला. निफाडला तेव्हाही काढणीच चालू होती. पृथ्वीच्या दोन विरुद्ध टोकांना एकाच महिन्यात द्राक्षं कशी, तर आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून शेतकरी तिला आपल्या सोयीने फळाला आणतो आणि माल जानेवारी ते एप्रिल निघतो. इथे हिवाळ्यात पानं गळतात, वेल खरोखर निजते, तेव्हा एकदाच छाटणी. मोबाइल ओळींवरून फिरवला तसे अण्णा बारकाईने बघत होते.

“पाण्याचं कसं करतात? ठिबक दिसत नाही,” त्यांनी विचारलं.

“अण्णा, काही जुन्या बागांना पाणी देतच नाहीत. मुळं खोल गेलीत,” हा म्हणाला.

“मग जमीन दाखव मला.”

तेव्हा मी खाली बघितलं. इतका वेळ वेलींकडेच लक्ष होतं. जमीन लाल, वाटाण्याएवढे गोल लोखंडी खडे सगळीकडे पसरलेले. उचलले तर बोटांना तांबूस भुकटी लागली. हा जांभाच! आमच्या घराच्या भिंती ज्याच्या, हापूस ज्याच्यावर वाढतो, त्याच जातीची ही जमीन, पार झिजून खड्यांची झालेली. पाणी धरून ठेवत नाही, निचरा करते, म्हणून मुळांना खाली खाली जावं लागतं. फरक पावसाचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जून ते सप्टेंबर. इथे हजाराच्या आसपास आणि तो मुख्यत्वे मे ते सप्टेंबर, म्हणजे त्यांच्या हिवाळ्यात. द्राक्षं पिकतात तेव्हा आकाश कोरडं. अण्णांना खडे दाखवले तर म्हणाले, “ही तर तुझ्या माहेरची माती, बाळा.” मला भरून आलं.

चव घेण्याबद्दल थोडं सांगते, कारण नवख्या मंडळींना त्या टेबलाशी उभं राहायला संकोच वाटतो. क्रम हलक्याकडून जडाकडे असतो. आधी सेमियाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांचं मिश्रण, ज्याला इथे सगळे एसएसबी म्हणतात, मग शार्डोने, शेवटी कॅबरने. ग्लासात तळाला घोटभर ओततात. फिरवा, वास घ्या, तोंडात घोळवा. समोर ठेवलेल्या भांड्यात थुंकणं हा तिथला शिष्टाचारच आहे. ऑस्ट्रेलियात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा 0.05 टक्के आहे, त्यामुळे आम्ही दिवस वाटून घेतले होते. ज्याच्या हाती चावी, त्याने फक्त वास घ्यायचा आणि थुंकायचं. त्यात काही गमावलं असं वाटलं नाही. उलट माझ्या चावीच्या दिवशीच मला कॅबरने नीट कळलं. काळ्या मनुकांचा वास, मागून तमालपत्रासारखं काहीतरी हिरवं, आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा तुरटपणा.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास रोज वारा फिरायचा. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे. समुद्र इथून काही किलोमीटरवर, त्यामुळे उन्हाचा चटका वाढायला लागला की ही झुळूक बागांत येऊन सगळं निववते. द्राक्षं घाईने पिकत नाहीत, आंबटपणा टिकतो. आम्हीही त्या वेळी किनाऱ्याकडे वळायचो.

सगळ्यात जास्त रमलो ते हॅमलिन बेला. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की मोठमोठे स्टिंग रे, आमच्याकडचे पाखट, पायांजवळून सरकत जातात. पंख हलवल्यासारखे काठ हलवत. शेपटीला काटा असतो, त्यामुळे हात न लावता शांत उभं राहायचं. मासे खाणाऱ्या घरात वाढले मी, पाखटाचं कालवण खाल्लेलं. तो जिवंत, दाराएवढा, माझ्या सावलीतून जाताना पाहणं हा वेगळाच अनुभव होता. जवळच मोडक्या जेटीचे खांब उभे आहेत. एकोणिसाव्या शतकात इथून कारी आणि जारा जातीचं लाकूड परदेशी जायचं. लंडनचे रस्तेसुद्धा त्याच्या ठोकळ्यांनी फरसबंद केलेले होते. मागच्या बोरनपच्या जंगलातली उंच, फिकट खोडाची कारी झाडं त्या तोडीनंतर पुन्हा वाढलेली आहेत, हे माहीत नसेल तर खरंही वाटत नाही. त्याच परिसरात डेव्हिल्स लेअर नावाची गुहा आहे. माणूस तिथे सुमारे 48,000 वर्षांपूर्वीपासून येत होता याचे पुरावे उत्खननात मिळाले. हा वदांडी या मूळ रहिवाशांचा प्रदेश. डॉक्टरांच्या बागांना अजून साठच वर्षं होताहेत, हे त्या आकड्याशेजारी ठेवून पाहावं.

एक दिवस केप लीऊविनला गेलो. ऑस्ट्रेलियाचं नैर्ऋत्य टोक, 1895 मध्ये उजळलेलं 39 मीटर उंचीचं चुनखडकाचं दीपगृह. हिंदी महासागर आणि दक्षिणी महासागर इथे भेटतात, असं ऑस्ट्रेलियात मानतात. पाण्यात रेघ दिसत नाही, पण दोन दिशांनी आलेल्या लाटा एकमेकींवर आदळताना दिसतात. वारा इतका की बोलणं ऐकू येईना. उजव्या हाताचा समुद्र थेट रत्नागिरीच्या किनाऱ्याला जाऊन लागतो, हे नवऱ्याला ओरडून सांगितलं.

कोणी विचारलं कधी जावं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. काढणी बघायला मिळते आणि पाण्यात उतरता येतं. आम्ही मात्र पुढच्या खेपेला जुलै-ऑगस्टमध्ये जाणार आहोत. तेव्हा ऑगस्टाजवळच्या फ्लिंडर्स बेमध्ये हंपबॅक देवमासे येतात, ते मला बघायचे आहेत. त्याच दिवसांत बागांमध्ये छाटणी चालते. एका डोळ्यावर ठेवतात की दोन, काडी किती लांब सोडतात, हे नीट बघून ये आणि फोटो पाठव, असं अण्णांनी त्याला आत्ताच बजावून ठेवलं आहे.