धुपदाळचा बगळा

आमच्या बाबांच्या लेखी जगात पक्षी चारच. कावळा, चिमणी, पोपट आणि बगळा. पाण्याकाठी लांब पायांचं काहीही उभं दिसलं की तो बगळा, विषय संपला. अशा माणसाबरोबर मी पहिल्यांदा पक्षी बघितले, म्हणजे बघायला म्हणून गेलोच नव्हतो, नाताळच्या सुट्टीत घटप्रभेला आत्याकडं गेलो होतो. बेळगावातनं मिरजेकडं जाणारी पॅसेंजर, पाच्छापूर गेलं की आई डबा उघडायची, आणि गोकाक रोड आलं की आम्हा भावंडांचं सुरू, करदंट, म्हणजे गोकाकची ती गूळ-सुकामेव्याची मिठाई, कधी घेणार. मी तेव्हा चौथीत असेन.

आत्याचे मिस्टर, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, साखर कारखान्यात कामाला. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आम्हाला उठवलं आणि धुपदाळच्या बंधाऱ्यावर घेऊन गेले. घटप्रभा नदीवरचा हा बंधारा १८९७ सालचा, दगडी, त्याच्यामागं पाणी असं पसरलंय की पलीकडचा ऊस धुक्यात दिसतच नव्हता. तिथं पक्षी अभयारण्य आहे, जवळपास ३० चौरस किमीचं, हे मला खूप नंतर कळलं. त्या दिवशी नुसती थंडी वाजत होती आणि करदंट अजून मिळालं नव्हतं.

मामांकडं एक दुर्बीण होती, एका बाजूची काच तडकलेली, त्यामुळं एक डोळा मिटूनच बघायचं. मी लावली तर गाळपेरावर राखाडी रंगाचे ढीगभर पक्षी, काळी मान, डोळ्यामागं पांढरा तुरा, म्हाताऱ्यांच्या कानातल्या केसासारखा. बाबा म्हणाले, "बगळेच की रे ते, एवढं काय बघालास?"

मामा हसले नाहीत. म्हणाले, "थांबा, उडू देत."

थांबलो. किती वेळ ते आठवत नाही, पण बूड दगडावर गार पडलेलं चांगलं आठवतंय. मग कुणीतरी शेळ्या घेऊन खाली उतरलं आणि सगळा थवा एकदम उठला, कर्कश ओरडत आमच्या डोक्यावरनं गेला, आणि मामा नुसतं म्हणाले, "मान बघ, मान." माना सरळ पुढं ताणलेल्या, पाय मागं. बगळा उडताना मान मुडपून छातीशी घेतो, हे करकोचे तसं करत नाहीत. कांड्या करकोचा. मध्य आशिया, मंगोलियाकडनं हिमालय ओलांडून येतात म्हणे हिवाळ्याला. त्यांच्यात एक-दोन वेगळे पण होते, पांढरे, पंखाची कड काळी, चोच आणि पाय लालभडक, तो पांढरा करकोचा. शेळ्यावाला पोरगा बोट दाखवून "कोक्करे, कोक्करे" ओरडत होता. (कन्नडमध्ये बगळ्यालाही कोक्करे म्हणतात हे बाबांना माहीत होतं, त्यामुळं ते परतीच्या वाटेवर आणखी जोरात भांडले.)

त्या सुट्टीत गोकाकचा धबधबाही बघितला, पण डिसेंबरात त्याला पाणी कितीसं असणार. करदंट मात्र मिळालं.

बेळगावला आल्यावर मी गच्चीवर चढून प्रत्येक उडत्या पक्ष्याची मान बघायचो. खंड्या, कोतवाल, भारद्वाज ही नावं आजीकडनं मिळाली, ती भारद्वाजाला नमस्कार करायची आणि मला पण करायला लावायची, म्हणून तो पक्षी मी कधी नीट बघितलाच नाही, हात जोडेपर्यंत झाडीत पसार.

गेल्या डिसेंबरात पोरीला घेऊन परत धुपदाळला गेलो. बाबा पण आले, काठी घेऊन. मामा आता नाहीत. पोरीकडं मोबाईलमध्ये पक्ष्यांचं ॲप, आवाजावरनं पण ओळखतंय. दोन तास बसलो, पण कांड्या करकोचा एक पण दिसला नाही. उन्हं चढल्यावर एक पांढरा पक्षी पाण्यावरनं संथ उडत आला, मान मुडपून, अगदी छातीशी.

बाबांनी काठीनं दाखवलं. "आता बोला. हा तरी बगळाच आहे की नाही?"