जिन्यावरचे मंत्रिमंडळ

परवा दुपारी कार्यालयाच्या लांबलचक मार्गिकेतून मी एका तरुण सहकाऱ्याशी बोलत चालले होते. हातात कागदांची चळत होती, विषय दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचा होता, आणि तिसऱ्या मुद्द्यावर कोण हरकत घेईल, पाचव्यावर कोण गप्प बसेल, हे मी त्याला क्षणभरही न थांबता समजावून सांगत होते. माझी खोली मागे पडली, त्याची मागे पडली, जिनाही मागे पडला आणि अखेर आम्ही आग विझवण्याच्या लाल नळकांड्यापाशी, म्हणजे जिथून पुढे निव्वळ भिंत आहे अशा जागी, येऊन ठेपलो. तेव्हा त्या मुलाने अतिशय अदबीने विचारले, "मॅडम, आपण कुठे निघालो होतो?"

याचे खरे उत्तर 'व्हाइट हाउसमध्ये' असे होते. ते देणे बरे दिसले नसते, म्हणून मी "कुठे नाही" एवढेच म्हटले आणि माघारी वळले.

'द वेस्ट विंग', म्हणजे व्हाइट हाउसचा राष्ट्राध्यक्षांची कचेरी असलेला भाग, या नावाची मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९९९ मध्ये सुरू झाली आणि सात पर्वे चालून मे २००६ मध्ये संपली. तिच्यातला कल्पित राष्ट्राध्यक्ष मार्टिन शीनने उभा केला आणि तो लोकांच्या मनात बसलाही. पण लेखक ॲरन सोर्किनच्या मूळ बेतात राष्ट्राध्यक्षाने अधूनमधूनच दिसायचे होते. कथा त्याच्या अवतीभवतीच्या माणसांची होती. त्या माणसांना बसून बोलणे जणू वर्ज्यच होते. दिग्दर्शक थॉमस श्लॅमी कॅमेरा त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी नेई, आणि ती माणसे दारामागून दार ओलांडत, एका वळणावर एकाला सोडून दुसऱ्याला बरोबर घेत, अंदाजपत्रकापासून स्वतःच्या घटस्फोटापर्यंत सगळे चालता चालता उरकत. ती मालिका पाहून माझ्यावर कोणता राजकीय विचार बिंबला हे मला धड सांगता येणार नाही. चालण्याचा वेग मात्र बिंबला, आणि तो आजतागायत उतरलेला नाही.

राजकीय मालिका पाहून माणसे राजकारणाकडे ओढली जातात असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखाद्या व्यासपीठावर मूठ आवळून बोलणारा तरुण येतो. मला हे पटत नाही. पुढारी व्हावे असे वाटायला मालिका कशाला लागते? ते आरशासमोर केस विंचरतानाही वाटते. मालिका दाखवते ती पुढाऱ्याच्या मागची खोली. तिथे कोणी भाषणातले तिसरे वाक्य चौथ्या जागी नेत असतो, कोणी पत्रकारांना काय सांगायचे याहून काय सांगायचे नाही याची उजळणी करत असतो, कोणी मते मोजत असतो. मोठेपणी कोण होणार असे विचारल्यावर 'मी दुसऱ्याच्या भाषणातले विशेषण खोडणार' असे उत्तर देणारे मूल मी पाहिलेले नाही. अशी नोकरी असते आणि तिला पगार मिळतो, हेच आधी कोणीतरी दाखवावे लागते.

मला ते फार लवकर, आणि काहीसे नाइलाजाने, कळले. लहानपणी रात्री मोठ्यांच्या पाठीमागे बसून आम्ही भावंडे एक मालिका पाहत असू. तिच्यात दर आठवड्याला मंत्रिमंडळाची बैठक होई आणि दर आठवड्याला कोणीतरी राजीनाम्याची धमकी देई. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे घर झोपले की आमचे मंत्रिमंडळ जिन्यावर भरे. ताई सर्वांत वरच्या पायरीवर बसत असे, कारण ती पंतप्रधान होती. तिच्याखालच्या पायऱ्या वयानुसार गृह, अर्थ आणि संरक्षण यांना मिळत. मी सगळ्यांत धाकटी. माझ्या वाट्याला येईपर्यंत पायऱ्या आणि खाती दोन्ही संपलेली असत, म्हणून मला खाली फरशीवर बसवून हाती गणिताची जुनी वही आणि पेन्सिलीचा तुकडा दिला गेला. "तू सचिव. आम्ही बोलू ते लिही," असा आदेश झाला.

मी लिहिले. पानाच्या वरच्या बाजूला भागाकार होते, तो भाग सोडून मी खाली लिहीत असे. 'ठराव क्रमांक १ : उद्यापासून लहानांना दुपारी झोपण्याची सक्ती राहणार नाही.' यावर दोन दिवस चर्चा चालली. अर्थमंत्र्यांचा आग्रह असा की सक्ती उठवावी, पण ती फक्त मंत्र्यांपुरती; गृहमंत्री भांडून दोन पायऱ्या खाली येऊन बसले आणि पुन्हा वर गेले. शेवटी ठराव आईसमोर मांडण्यात आला. आई अर्धवट झोपेत होती. तिने डोळे न उघडता "बघू" म्हटले आणि कूस बदलली. पुढे नोकरीत मी या उत्तराची पुष्कळ रूपे पाहिली, 'प्रकरण विचाराधीन आहे' पासून 'अभिप्रायार्थ सादर' पर्यंत. पण इतक्या कमी अक्षरांत ते काम कोणीही करू शकलेले नाही.

त्या वहीमुळे मला एक गोष्ट हळूहळू उमगली. मंत्र्यांचे भांडण जुंपले की ते एकमेकांकडे न पाहता माझ्याकडे पाहत आणि विचारत, "काल काय ठरले होते?" मी पाने उलटायला लागले की जिना शांत होई.

पुढे कितीतरी वर्षांनी 'येस मिनिस्टर' पाहताना म्हणूनच मला मंत्री जिम हॅकरची कीव आली नाही, आणि त्याला गोड बोलून फिरवणाऱ्या, खात्याचा मुख्य सचिव असलेल्या सर हम्फ्रीचा रागही आला नाही. माझे सगळे लक्ष बर्नार्डकडे होते. तो मंत्र्यांचा खासगी सचिव, म्हणजे निष्ठा मंत्र्यांशी आणि बढती हम्फ्रीच्या हाती, अशा दोन दगडांवर पाय ठेवून उभा असलेला सज्जन गृहस्थ. ही मालिका १९८० मध्ये बीबीसीवर आली. सरकारी यंत्रणेची इतकी धारदार टिंगल पाहून त्या यंत्रणेतली माणसे दुखावली जातील असे कोणालाही वाटले असते. घडले उलटेच. मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना तिच्या निस्सीम चाहत्या होत्या, आणि जानेवारी १९८४ मध्ये तर त्यांनी एका पुरस्कार समारंभात त्यातल्या नटांबरोबर चक्क एक प्रवेश सादर केला. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन यांना आतली खबर देणारी माणसेही सत्तेच्या जवळची होती. ज्यांची टर उडवली जात होती तेच खबर पुरवत होते, तेच हसत होते. टिंगल पाहून एखाद्या धंद्याबद्दल किळस येते असे आपण धरून चालतो. मला तर ती मालिका पाहून या लोकांबरोबर काम करावेसे वाटले. फारूक शेखने 'जी मंत्रीजी' या तिच्या हिंदी अवतारात मंत्री केला तेव्हाही मी त्याच्या सचिवाकडेच पाहत बसले.

लाल नळकांड्यापासून परत येताना मी त्या मुलाला विचारले की तू या कामात कसा आलास. तो जरा लाजला आणि म्हणाला, "मॅडम, 'बोर्गेन'मुळे." कोपनहेगनच्या ज्या ख्रिश्चनबोर्ग राजवाड्यात डेन्मार्कची संसद आणि पंतप्रधानांची कचेरी आहे, त्याला तिथले लोक बोर्गेन म्हणतात. २०१० मध्ये आलेल्या या मालिकेत एक स्त्री पंतप्रधान होते, आणि जेमतेम वर्षभरात, ऑक्टोबर २०११ मध्ये, हेले थॉर्निंग-श्मिट यांच्या रूपाने त्या देशाला खरीखुरी पहिली स्त्री पंतप्रधान मिळाली. मला वाटले, हा आता त्या नायिकेच्या तत्त्वनिष्ठेबद्दल बोलेल. तो म्हणाला, "मला ती बाई फारशी आवडली नाही. मला ते नव्वद आवडले." डेन्मार्कच्या संसदेत १७९ जागा आहेत, बहुमताला नव्वद लागतात, आणि एकट्या पक्षाला ते मिळत नाहीत. दुसऱ्या भागात नायिका आणि तिची माणसे रात्रंदिवस तो नव्वदचा आकडा जुळवत बसतात. कोणाला कोणते खाते द्यावे म्हणजे कोण किती जागांसह येईल, आणि तो आला की दुसरा कोण उठून जाईल. एरवी कोणी या बेरीज-वजाबाकीत रमले नसते. हा मुलगा रमला. आता तो आमच्या समितीतल्या अकरा सदस्यांची मते बैठकीच्या आदल्या दिवशी कागदाच्या कोपऱ्यात मांडून ठेवतो, आणि त्याचा हिशेब सहसा चुकत नाही.

ही ये-जा एकेरी नसते, हे मला विशेष आवडते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांचे भाषणलेखक असलेल्या ईलाय ॲटी यांनी डिसेंबर २००० मध्ये गोर यांचे पराभव मान्य करणारे भाषण लिहिले आणि पुढे ते 'द वेस्ट विंग'च्या लेखकांत सामील झाले. तिथे राष्ट्राध्यक्षपदाचा नवा उमेदवार उभा करायचा होता तेव्हा, २००४ मध्ये, त्यांनी राजकीय सल्लागार डेव्हिड ॲक्सेलरॉड यांच्याकडून बराक ओबामा नावाच्या एका होतकरू राजकारण्याची माहिती घेतली. मालिकेतला तो उमेदवार निवडून आला. ओबामा त्यानंतर, २००८ मध्ये. आपल्याकडची 'उडान' तशी राजकीय मालिका नव्हे, पण गोत्र तेच. कविता चौधरी यांनी १९८९ मध्ये ती केली ती पोलीस सेवेतल्या आपल्या थोरल्या बहिणीवरून. एका घरातली वर्दी पडद्यावर गेली आणि पडद्यावरून कितीतरी घरांत. युक्रेनची गोष्ट तर सर्वांना ठाऊकच आहे. २०१५ पासून 'सर्व्हंट ऑफ द पीपल'मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या शिक्षकाचे काम करणारे वोलोदिमिर झेलेन्स्की २०१९ मध्ये सुमारे ७३ टक्के मते घेऊन खरोखरच राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या पक्षाचे नावही मालिकेचेच. तिथे प्रेक्षकाला नोकरी मिळण्याऐवजी नटालाच मिळाली. त्यानंतर जे घडले ते मात्र कोणत्याही पटकथेत नव्हते.

माझ्या तक्रारी नाहीत असे नाही. या मालिकांतली माणसे दूरध्वनीवर बोलणे संपले की 'ठेवते हं' असे काही न म्हणता खाडकन ठेवून देतात, हे मला अजूनही खटकते. तिथे कोणाचीही फाइल हरवत नाही. 'हाउस ऑफ कार्ड्स' ही सत्तेच्या कारस्थानांची मालिका पाहून एकमेकांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहायला शिकलेले दोघेतिघे माझ्या पाहण्यात आहेत; त्यांनी कोणाला गादीवरून उतरवल्याचे ऐकिवात नाही, पण त्यांच्याबरोबर साधी रजा मागण्याची चर्चाही कटासारखी वाटते. आणि सर्वांत मोठी फसगत भाषणांची. पडद्यावर एक माणूस उठतो, दीड मिनिट बोलतो, आणि विरोधकांचे चेहरे बदलतात. नोकरी लागल्यावरच्या पहिल्याच बैठकीत मीही असे एक दीड मिनिट तयार करून नेले होते. रात्री दोनपर्यंत जागून लिहिलेले, आरशासमोर म्हटलेले, शेवटच्या वाक्याआधी थांबायचे कुठे हेसुद्धा ठरवलेले. मी उभी राहिले, बोलले, ठरल्या जागी थांबले. त्या थांबण्यात अध्यक्ष म्हणाले, "छान. हे लेखी द्या." आणि पुढचा विषय पुकारला. शेवटचे वाक्य आजही माझ्याकडेच आहे.

तरीही दुसऱ्या दिवशी मी ते लेखी दिले. दोन महिन्यांनी त्यातला मधला परिच्छेद एका परिपत्रकात, माझ्या नावाशिवाय आणि एका चुकीच्या स्वल्पविरामासह, छापून आला. तो कागद हातात घेऊन मी त्या मार्गिकेतून विनाकारण दोनदा चालत गेले होते.

परवा, त्या लाल नळकांड्यापासून परतल्यावर, रात्री ताईला फोन केला. तिचा आणि राजकारणाचा आता काहीही संबंध उरलेला नाही. बातम्या लागल्या की ती उठून जाते. मी तिला जिन्यावरच्या मंत्रिमंडळाची आठवण दिली आणि दुपारच्या झोपेचा तो ठराव आईने अखेरपर्यंत कसा लटकत ठेवला ते सांगू लागले.

"लटकत कुठे? मंजूर झाला होता," ताई म्हणाली. "आई 'बरं' म्हणाली होती."

"'बघू' म्हणाली होती. वहीत तसेच आहे."

ताई जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हो, पण वही तूच लिहायचीस ना?"